तुमच्या यशोगाथेतला शेतकरी मला भेटवा



तुमचे नाव या पत्रात घातलेले नाही. हे पत्र कोणाला आहे ते दोन ओळींत तुम्हाला कळेल. यवतमाळ जिल्ह्यातल्या महिला शेतकरी गटांसाठी फवारणीतल्या धोक्यांवर पुस्तिका लिहून देण्याचे काम तुम्ही घेतले होते. शब्दामागे दीड रुपया ठरला आणि निम्मी रक्कम आगाऊ तुमच्या खात्यावर जमा झाली. मजकूर पाठवलात, उरलेल्या रकमेसाठी दिवसाआड तगादा लावलात आणि आम्ही चुका दाखवायला लागताच फोन उचलणे बंद केलेत. खासगी पत्रांना तुमचे उत्तर येत नाही, म्हणून चारचौघांसमोर लिहिते आहे.

सुरुवात पुस्तिकेतल्या यशोगाथेपासून करते. केळापूर तालुक्यातल्या एका गावाचे नाव देऊन तुम्ही तिथला एक 'प्रगतिशील शेतकरी' उभा केलात. त्याला नाव दिलेत, आडनाव दिलेत, सहा एकर जमीन दिलीत, दोन मुले दिलीत. हातमोजे आणि मुखपट्टी वापरायला लागल्यापासून त्याच्या उत्पन्नात भरघोस वाढ झाली, असे त्याच्या तोंडी घातलेत. मी त्या गावात गेले. सरपंचांना विचारले, पोलीस पाटलांना विचारले, रेशन दुकानात विचारले. त्या नावाचा माणूस गावात नाही, कधी नव्हता. त्या आडनावाचे घरसुद्धा गावात नाही. सोबत छापायला दिलेल्या फोटोत कमरेवर हात ठेवून हसणारा गृहस्थ धानाच्या बांधीत उभा आहे. कपाशीच्या पुस्तिकेसाठी कपाशीच्या वावरात उभा असलेला माणूसही तुम्ही शोधला नाहीत.

क्षेत्रभेटीचा प्रवासखर्च मात्र तुम्ही वेगळा लावला होता. मग सांगा, कोणत्या वावरात गेला होतात? कोणाच्या घरी चहा घेतलात? तो शेतकरी मला भेटवा. मी त्याची माफी मागेन.

ही थाप मला एवढी का झोंबली, ते जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे. २०१७ च्या पावसाळ्यात या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसे दगावली. शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावे लागले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्या ऑगस्ट-सप्टेंबरात असे रुग्ण रांगेने येत होते. कोणाला दिसेनासे झाले होते, कोणाला श्वास घेता येत नव्हता. सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या उंचीला आली होती, त्यामुळे फवारा पाठीमागे न जाता तोंडावर येत होता. दोन-तीन औषधे एकाच पंपात मिसळली जात होती. पेट्रोलवर चालणारे नवे पंप बारीक धुके सोडत होते आणि दमट उकाड्यात अंगावर धड सदरासुद्धा कोणी ठेवत नव्हते. मेलेल्यांत आणि आजारी पडलेल्यांत मालकांबरोबर रोजाने फवारायला गेलेले मजूरही होते. औषध कोणते, किती, कशात मिसळायचे, हे ठरवणे त्या मजुरांच्या हातात कधी नव्हतेच.

अशा जिल्ह्यासाठी ही पुस्तिका होती. कामाच्या पहिल्या बैठकीत हे सगळे मी तुम्हाला सांगितले होते. तुम्ही वहीत टिपूनही घेतले होते.

खऱ्या माणसांची इथे वाण नाही. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेले उद्घाटनाचे निमंत्रण मागे घेतल्यावरून महाराष्ट्रभर वादळ उठले आणि अखेर उद्घाटन केले कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी, शेतात राबणारी बाई, अध्यक्ष अरुणा ढेरे यांच्यासमोर आणि साऱ्या साहित्यविश्वासमोर स्वतःचे म्हणणे स्वतःच्या तोंडाने मांडत होती. श्याम पेटकरांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या 'तेरवं' नाटकात शेतकऱ्यांच्या विधवा स्वतः रंगमंचावर उभ्या राहिल्या. वैशालीताई त्यांतल्याच एक. पत्रकार पी. साईनाथ वर्षानुवर्षे या भागातल्या गावांत येत राहिले, घरांच्या ओसरीवर बसून माणसांचे ऐकत राहिले आणि मग लिहीत राहिले. बोलणारी माणसे इतकी जवळ असताना तुम्ही एक माणूस कल्पनेने तयार केलात आणि त्याच्या तोंडात जाहिरातीची भाषा घातलीत. तुमच्या लबाड्यांत मला सर्वांत जास्त संताप याचा आहे. मात्रेची चूक अज्ञानातून होऊ शकते, खोटा माणूस मात्र जाणूनबुजूनच घडवावा लागतो.

आता त्या मात्रांकडे येते. कीटकनाशकाच्या वेष्टनावर आणि सोबतच्या माहितीपत्रकावर शिफारस हेक्टरच्या हिशेबाने असते. तुमच्या तक्त्यात आकडे तेच आहेत, वर शीर्षक मात्र 'प्रति एकर' आहे. एक हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर. म्हणजे तुमचा तक्ता मानणाऱ्या बाईने अडीचपट विष पंपात ओतायचे. पुढच्या पानावर 'प्रति पंप' लिहिलेत, तो पंप कोणता ते लिहिले नाहीत. पाठीवरचा साधा पंप पंधरा-सोळा लिटरचा असतो, शिफारशी बहुधा दहा लिटर पाण्यासाठी छापलेल्या असतात आणि पेट्रोल पंपाचे गणित आणखी वेगळे असते. हा फरक इथल्या कोणत्याही कृषी केंद्रात काउंटरवर उभे राहून पाच मिनिटांत समजला असता.

मजकूर छापायला जाण्याआधी आम्ही तो वस्तीत बसून मोठ्याने वाचला. आमच्या कामाची ती पद्धतच आहे: ज्यांच्यासाठी लिहिले त्यांनी आधी ऐकायचे. तक्त्याची तिसरी ओळ वाचून होते न होते तोच एक वयस्कर बाई म्हणाल्या, "थांब वं बाई. हे एकराचं हाय का हेक्टरचं? एवढं टाकलं तं पऱ्हाटी जळून जाईन, अन् फवारनारा बी." त्या बाई शाळेत गेलेल्या नाहीत. तुमच्या परिचयपत्रात पदव्युत्तर शिक्षण आणि दहा वर्षांचा अनुभव आहे.

तुमची पुस्तिका 'शेतकरी बंधूंनो' अशी सुरू होते. काम महिला गटांचे होते! फवारणी करणारा पुरुष असला तरी विहिरीवरून पाणी आणणारी, ड्रममध्ये औषध कालवणारी, तो पंप त्याच्या पाठीवर चढवून देणारी आणि संध्याकाळी विषाने माखलेले त्याचे कपडे हाताने धुणारी बाई असते. फवारलेल्या वावरात दुसऱ्या दिवशी निंदायला जाणारीही तीच. तिच्यासाठी तुम्ही अख्ख्या पुस्तिकेत एक वाक्य लिहिलेले नाही. कपडे वेगळे धुवा, नुसत्या हाताने औषध कालवू नका, काठी वापरा, फवारलेल्या वावरात लगेच जाऊ नका, रिकाम्या डब्यात पाणी भरू नका: या साध्या सूचना आम्ही तुम्हाला मुद्दे म्हणून लिहून दिल्या होत्या. त्यांपैकी एकही मजकुरात उतरलेली नाही. आमचा कागद तुम्ही उघडलाही नाहीत, याचा मला तेवढा पुरावा पुरे.

प्रथमोपचाराचे पान तर मी फाडून टाकले. विषबाधा झाल्यास मिठाचे पाणी पाजून उलटी करवा, असे तुम्ही लिहिता. फवारणीत विष त्वचेतून आणि श्वासातून अंगात जाते. बेशुद्धीकडे चाललेल्या माणसाच्या घशात पाणी ओतून उलटी काढली, तर ती फुप्फुसात जाऊन तो तिथेच दगावू शकतो. अंगावरचे कपडे काढा, साबणाने आणि भरपूर पाण्याने अंग धुवा, मोकळ्या हवेत आणा, औषधाचा डबा किंवा त्यावरचे लेबल सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा, एवढे लिहायचे होते. डबा सोबत नेला तर डॉक्टरांना विष कोणते ते कळते. ऑर्गनोफॉस्फेट गटातले असेल तर अॅट्रोपिन वेळेवर सुरू करता येते. घाम, लाळ, धूसर दिसणे, बारीक झालेल्या बाहुल्या ही लक्षणे बाईला ओळखता आली, तर नवऱ्याला तंबाखूची चक्कर आली असे समजून ती त्याला झाडाखाली निजवणार नाही. आणि डब्यावरचा हिरवा त्रिकोण म्हणजे 'सुरक्षित औषध', हे तुम्हाला कोणी सांगितले? लाल, पिवळा, निळा, हिरवा ही विषाची उतरती तीव्रता आहे. हिरव्या त्रिकोणाच्या डब्यातही विषच असते.

बाकी शेतीही तुम्ही दुसरीकडून उचललीत. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात कपाशी लावा, असा सल्ला दिलात. तो पंजाब-हरियाणाच्या ओलिताच्या कपाशीसाठी ठीक असेल. आमची बहुतेक पऱ्हाटी कोरडवाहू, मृगाचा पाऊस जमीन चांगली भिजवून गेल्यावर लावायची. इथे पूर्वहंगामी लागवड करू नका म्हणून कृषी विद्यापीठ आणि कृषी विभाग घसा कोरडा करतात, कारण लवकर आलेल्या पात्या-फुलांवर गुलाबी बोंडअळीचे फावते. २०१७ मध्येच या अळीने विदर्भातल्या बोंडांची वाट लावली होती. तुम्ही पांढऱ्या माशीवर दीड पान लिहिलेत, तुडतुड्यांना दोन ओळी दिल्यात आणि बोंडअळीच्या कामगंध सापळ्यांचा उल्लेखही केला नाहीत. अळीच आली नाही तर फवारे कमी होतात. फवारे कमी झाले की विषबाधा कमी होते. म्हणजे सापळे, निंबोळी अर्क, फरदड (हंगाम संपल्यावरही वावरात राखलेले पीक) न घेणे हा या विषयाचा गाभा होता. तुमच्या हाताखाली तो आलाच नाही, कारण हात तुमचा नव्हताच.

ते कसे कळले, तेही सांगते. तुम्ही पाठवलेल्या फाइलच्या माहितीत लेखक म्हणून तुमचे नाव नव्हते. ज्या मुलीचे होते तिला आम्ही शोधून काढले. ती एका महाविद्यालयात शिकते. तुम्ही काम एका छोट्या कंपनीला दिलेत, कंपनीने तिला दिले. दीड रुपयातले तिच्या हातात शब्दामागे वीस पैसे पडले. तीन दिवसांची मुदत होती. शेतीवर काहीतरी सर्वसाधारण माहिती हवी आहे, एवढेच तिला सांगितले गेले. तिने संगणकाकडून मजकूर तयार करून घेतला, मध्ये एका जुन्या पुस्तिकेतले परिच्छेद चिकटवले आणि पाठवून दिला. हे वाचून कोणी फवारणार आहे, याची तिला कल्पना नव्हती. "मला सांगितलं असतं तर मी कोणाला तरी विचारलं असतं," असे ती फोनवर म्हणाली, आणि मला ते खरे वाटते. तिच्यावर माझा राग नाही. करारात आपण स्वच्छ लिहिले होते की काम तुम्ही स्वतः कराल, दुसऱ्याला देणार नाही, किमान दोन गावांना भेट द्याल. त्याखाली सही तुमची आहे.

हे फक्त यवतमाळात घडते असे नाही. मे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या 'शिकागो सन-टाइम्स' या जुन्या वृत्तपत्राच्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचायच्या पुस्तकांची यादी छापून आली. पंधरा पुस्तकांपैकी दहा अस्तित्वातच नव्हती. लेखकांची नावे खरी होती, इझाबेल अलेंदे यांच्यासारखी मोठी. पुस्तके यंत्राने रचलेली होती. पुरवणी बाहेरच्या एका संस्थेकडून विकत घेतलेली, त्या संस्थेने ती एका मुक्त लेखकाकडून लिहून घेतलेली आणि त्याने यंत्राकडून. वाटेत एकानेही ती यादी तपासली नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात डेलॉइटसारख्या बड्या सल्लागार कंपनीला सरकारसाठी केलेल्या अहवालातल्या बनावट संदर्भांवरून शुल्काचा काही भाग परत करावा लागला. साखळी सगळीकडे सारखीच आहे: वरचा पैसे घेतो, मधला कापून घेतो, खालचा घाईत उरकतो. शिकागोच्या वाचकाला पुस्तकाच्या दुकानातून हात हलवत परतावे लागले असेल. आमच्या वाचकाच्या पाठीवर सोळा लिटर विष असते.

मुक्त लेखन या व्यवसायाबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि तो तुमच्यामुळे कमी होऊ द्यायचा नाही, असे मी ठरवले आहे. मराठीत कितीतरी चांगले काम कोणत्याही संस्थेच्या पगारावर नसलेल्या माणसांनी केले आहे. त्यांना संस्था कसे वागवतात, तेही मी पाहिले आहे. 'मानधन' म्हणून पाकिटात पाचशेची नोट, वर्षभर रखडलेली बिले, फुकट मागितलेले नमुने. म्हणूनच आम्ही बाजारात मिळणारा सर्वांत कमी दर शोधला नाही आणि निम्मी रक्कम आधी दिली. तुम्ही आणलेले नमुने उत्तम होते. ते कोणाचे होते, हे आता विचारावे लागते. तुमच्यासारख्या एकामुळे पुढच्या प्रामाणिक लेखकाला आगाऊ रक्कम मिळणार नाही, त्याच्याकडे संशयाने पाहिले जाईल, त्याने खरेच गावात जाऊन आणलेल्या बसच्या तिकिटांचीही शहानिशा होईल. हे नुकसान आमच्या पुस्तिकेपेक्षा मोठे आहे.

तुमच्या शेवटच्या संदेशात धमकी आहे: पूर्ण पैसे मिळेपर्यंत मजकुराचे हक्क माझे, त्यात बदल करून छापलात तर कायदेशीर कारवाई करीन. १९५७ चा कॉपीराइट कायदा मीही वाचला आहे. नोकरीत नसलेल्या लेखकाने लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक सर्वसाधारणपणे तो लेखकच असतो, आणि लेखी व सहीनिशी हस्तांतर केल्याशिवाय तो हक्क दुसऱ्याकडे जात नाही. काम देणारे लोक हे विसरतात आणि मग अडकतात. लेखकाच्या बाजूने असलेला हा कायदा मला योग्यच वाटतो. पण त्याच कायद्याने पाहिले तर या मजकुरावर तुमचा हक्क कुठून आला? त्या मुलीने तुम्हाला किंवा त्या कंपनीला काहीही लिहून दिलेले नाही. जे परिच्छेद दुसऱ्या पुस्तिकेतले आहेत ते तर तिचेही नाहीत. जी वस्तू तुम्ही लिहिली नाहीत, वाचली नाहीत, तिच्या मालकीवरून तुम्ही शेतमजूर बायकांच्या गटाला कोर्टाची भीती घालता आहात.

शिवाय ती फाइल! करारात युनिकोड मराठी असे ठळक लिहिले होते, कारण हा मजकूर व्हॉट्सअॅपवर जायचा होता, बायका तो मोबाइलवर मोठा करून वाचणार होत्या, शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घेणार होत्या. पुढे त्याचे कोलामी आणि बंजारा बोलीत बोलके रूपही करायचे होते, झरी जामणीच्या कोलाम पोडांसाठी, म्हणजे वस्त्यांसाठी, आणि पुसद-दिग्रसकडच्या तांड्यांसाठी. तुम्ही मजकूर जुन्या फॉन्टमध्ये फिरवून त्याची बंद पीडीएफ पाठवलीत. दुसऱ्या संगणकावर उघडली की ओळीच्या ओळी चिन्हांचा कचरा होतात, आणि दुरुस्ती करायची तर पुन्हा तुमच्याकडेच यावे लागते. प्रत्येक दुरुस्तीचे वेगळे शुल्कही तुम्ही कळवले होते. फाइलच्या माहितीत त्या मुलीचे नाव राहिले नसते, तर तिच्याकडची मूळ खुली फाइलही आम्हाला मिळाली नसती.

पुस्तिका आता नव्याने होते आहे. मात्रांचे तक्ते कृषी विज्ञान केंद्रातले शास्त्रज्ञ तपासून सही करून देणार आहेत, प्रथमोपचाराचे पान डॉक्टर लिहिणार आहेत आणि यशोगाथेच्या जागी २०१७ मध्ये दवाखान्यातून परत आलेल्या एका मजुराचे म्हणणे त्याच्याच शब्दांत, त्याच्या संमतीने जाणार आहे. प्रत्येक प्रकरणाखाली लिहिणाऱ्याचे आणि तपासणाऱ्याचे नाव असेल. त्या मुलीने विचारले, मी काही मदत करू का? आम्ही तिला बोलावले आहे. ती येऊन वस्तीत बसेल, वाचून दाखवेल, बायका सांगतील ते टिपून घेईल, आणि या कामाचा पूर्ण दर थेट तिच्या हातात पडेल.

तुमच्याकडून तीन गोष्टी हव्या आहेत. आगाऊ घेतलेली रक्कम आणि न केलेल्या क्षेत्रभेटीचा प्रवासखर्च परत करा. या मजकुरावर तुमचा कोणताही हक्क नाही, असे सहीनिशी लिहून द्या. आणि हाच तक्ता आणखी कोणाला विकला असेल तर त्यांना आजच्या आज कळवा की तो चुकीचा आहे. आकडे हेक्टरचे आहेत, एकराचे नाहीत. तिसरी गोष्ट सर्वांत आधी करा. मृग तोंडावर आला आहे, आणि लावणीनंतर महिना-दीड महिन्यात इथे पहिला फवारा सुरू होतो.

धनादेश गटाच्या नावाने काढा, माझ्या नावाने नको.

गटांची समन्वयक,
जि. यवतमाळ